डीएसएलआर आणि कॉम्पॅक्ट कॅमेरा : आकाराचा, प्रकाशाचा आणि खर्चाचा हिशेब

डिजिटल कॅमेरा घेताना दुकानात सर्वप्रथम विचारला जातो तो मेगापिक्सेलचा आकडा. दोन कॅमेऱ्यांतील खरा फरक मात्र त्या आकड्यातून क्वचितच कळतो. २०१७ या एकाच वर्षी जाहीर झालेली दोन जपानी यंत्रे शेजारी ठेवली की हे ध्यानात येते. निकॉन डी-८५० हा व्यावसायिकांसाठी बनवलेला डीएसएलआर ४५.७ मेगापिक्सेलचा असून बॅटरी व कार्डासह, पण लेन्सशिवाय, त्याचे वजन १,००५ ग्रॅम भरते. कॅनन इक्सस १८५ हा शर्टाच्या खिशात मावणारा कॉम्पॅक्ट २० मेगापिक्सेलचा आणि अवघ्या १२६ ग्रॅमचा. पहिल्याची भारतातील सुरुवातीची किंमत, तीही लेन्स वगळून, अडीच लाख रुपयांच्या घरात होती. दुसरा दहा हजारांच्या आत मिळत असे. मेगापिक्सेलमध्ये सव्वादोन पटींचा फरक आणि किमतीत पंचवीस पटींहून अधिक, या विसंगतीचे उत्तर दोन्ही यंत्रांच्या पोटात दडलेले आहे.

हे उत्तर केवळ हौशी मंडळींच्या कुतूहलापुरते नाही. लग्नसमारंभ, शाळांची स्नेहसंमेलने आणि स्थानिक वृत्तपत्रांची कामे यांवर देशभरातील अनेक लहान-मोठ्या स्टुडिओंचा चरितार्थ चालतो. कर्ज काढून घेतलेला कॅमेरा कोणत्या प्रसंगी उपयोगी पडेल आणि कोणत्या प्रसंगी खिशातले यंत्रही तेच काम करील, हे ठाऊक नसल्यास नुकसान थेट गाठीचे असते. शिवाय आज दोन्ही प्रकारचे कॅमेरे मोठ्या प्रमाणात जुन्या बाजारात उपलब्ध आहेत, आणि तेथे दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा खरेदीदाराचे ज्ञानच अधिक कामी येते.

नखाएवढा सेन्सर

फिल्मच्या काळी जे काम फिल्म करीत असे, ते डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर करतो. डी-८५० मधील सेन्सर ३५.९ बाय २३.९ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा आहे. त्यालाच ‘फुल फ्रेम’ म्हणतात. इक्ससमधील सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहूनही लहान. क्षेत्रफळ काढले तर एकाचे सुमारे ८५८ चौरस मिलिमीटर आणि दुसऱ्याचे २८. फरक तीस पटींचा आहे. जाहिरातीत कॉम्पॅक्टच्या सेन्सरचा आकार ‘१/२.३ इंच’ असा लिहिलेला असतो आणि तो वाचून ग्राहकाची हमखास फसगत होते, कारण त्या सेन्सरची कोणतीही बाजू किंवा कर्ण १/२.३ इंच भरत नाही. हे माप जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील काचनळीच्या बाहेरील व्यासावरून आलेले आहे. नळ्या केव्हाच गेल्या, त्यांचे माप मात्र जाहिरातीत टिकून राहिले.

भर पावसात अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवली, तर दोन्हींवर पाऊस सारख्याच जोराने पडतो. साठणारे पाणी मात्र वेगळे असते. सेन्सरवर पडणाऱ्या प्रकाशाचेही तसेच आहे. प्रकाश कणांच्या, म्हणजे फोटॉनच्या, स्वरूपात येतो आणि त्यांच्या येण्यात स्वाभाविक अनियमितता असते. एखाद्या बिंदूवर सरासरी १०० फोटॉन पडले तर त्या मोजणीत सुमारे १० चा, म्हणजे दहा टक्क्यांचा चढउतार होतो. त्याच जागी ३,००० फोटॉन पडले तर चढउतार ५५ च्या आसपास, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. छायाचित्राच्या काळोख्या भागात दिसणारा रंगीत कचकचाट, ज्याला छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात, तो मुख्यतः या चढउतारातून येतो. कारागिरी कितीही सुधारली तरी हा नियम निसर्गाचा आहे आणि तो कोणत्याही कंपनीला मोडता येत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा. इक्ससची प्रकाशसंवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, जास्तीत जास्त १,६०० पर्यंत वाढवता येते. तीस पट मोठ्या सेन्सरवर तेवढाच नॉइज दिसण्यासाठी आयएसओ सुमारे ४८,००० पर्यंत न्यावा लागेल. डी-८५० ची नेहमीची कमाल मर्यादाच २५,६०० आहे. दुसऱ्या शब्दांत, छोट्या कॅमेऱ्याची जेथे अखेर होते, तेथे पोहोचण्यासाठी मोठ्या कॅमेऱ्याला आपली सामान्य मर्यादा ओलांडावी लागते.

वीस मेगापिक्सेल कागदावरचे

मेगापिक्सेलच्या आकड्यामागे आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि ती विक्रेता सहसा सांगत नाही. प्रकाश लहान छिद्रातून जाताना किंचित पसरतो. शालेय भौतिकशास्त्रात याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे आदर्श लेन्समधूनही एका बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी चकती बनते. हिरव्या प्रकाशासाठी एफ/३.२ इतके छिद्र असताना या चकतीचा व्यास सुमारे ४.३ मायक्रॉन असतो, एफ/६.९ ला तो ९ मायक्रॉनच्या पुढे जातो. इक्ससची लेन्स वाइड टोकाला एफ/३.२ आणि झूमच्या टोकाला एफ/६.९ अशीच आहे, तर तिच्या सेन्सरवरील एका पिक्सेलची रुंदी जेमतेम १.२ मायक्रॉन आहे. म्हणजे पूर्ण झूम केल्यावर एकाच बिंदूचा प्रकाश सात-आठ पिक्सेलच्या रुंदीवर पसरतो. फाइल २० मेगापिक्सेलची तयार होते खरी, पण तिच्यातील तपशील त्याच्या अल्पांशाएवढाच असतो. डी-८५० वरील पिक्सेल ४.३५ मायक्रॉनचा आहे, एफ/५.६ ला चकती साडेसात मायक्रॉनची होते, पण ती दोन पिक्सेलांत सामावते.

त्यातही बाजारात दाखवल्या जाणाऱ्या आकड्यांइतकी गरज सामान्य घराला नसते. ए-४ आकाराचा कागद उत्तम दर्जाने छापण्यासाठी पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. फुल एचडी पडद्याला दोन आणि ‘४-के’ दूरचित्रवाणी संचाला सव्वाआठ. भ्रमणध्वनीवर पाहण्यापुरते छायाचित्र काढायचे असेल तर दोन्ही कॅमेऱ्यांतील मेगापिक्सेल गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मोठ्या फलकासाठी, मासिकाच्या दोन पानांवर पसरणाऱ्या चित्रासाठी किंवा चौकटीतील एक कोपरा कापून वापरण्यासाठीच ४५ मेगापिक्सेलचे चीज होते.

आरशाचे काम

डीएसएलआर या नावातील ‘आर’ रिफ्लेक्सचा, म्हणजे परावर्तनाचा. लेन्समागे ४५ अंशांत बसवलेला आरसा प्रकाश वर पाठवतो, तेथील पंचकोनी लोलक उलटलेली प्रतिमा सुलटी करतो आणि छायाचित्रकाराला डोळ्याशी धरलेल्या काचेतून प्रत्यक्ष लेन्समधून आलेला प्रकाश दिसतो. त्यात विजेचा पडदा नसतो, त्यामुळे विलंबही नसतो. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून थोडा प्रकाश आत जाऊन मागच्या दुसऱ्या लहान आरशावरून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस-सेन्सरवर पडतो. हा सेन्सर दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांची तुलना करून लेन्स कोणत्या दिशेला आणि किती फिरवावी हे एका मापातच सांगतो. कॉम्पॅक्टला अशी दिशा ठाऊक नसते. साध्या कॉम्पॅक्टमध्ये लेन्स मागेपुढे करून प्रतिमा केव्हा सर्वाधिक रेखीव होते हे तपासले जाते, आणि या शोधात मौल्यवान क्षण खर्ची पडतो.

क्रिकेटचे उदाहरण घ्यावे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला जवळपास ३९ मीटर जातो. गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत पोहोचण्यास त्याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. फोकस शोधण्यात अर्धा सेकंद गेला की यष्ट्या उडून पडलेल्या असतात. डी-८५० मध्ये १५३ फोकस-बिंदू आहेत आणि तो सेकंदाला सात छायाचित्रे टिपतो. इक्सस सेकंदाला एकही पूर्ण टिपत नाही. शटर सेकंदाच्या एक हजाराव्या भागापुरते उघडले तरी तो चेंडू चार सेंटिमीटर सरकतो आणि लांबट दिसतो. एक आठ-हजाराव्या भागात तो अवघा पाच मिलिमीटर सरकतो. डी-८५० चे शटर तेथवर जाते.

आरशाचे तोटेही आहेत, आणि ते पुढे त्याच्या मुळावर आले. छायाचित्र टिपण्याच्या नेमक्या क्षणी आरसा वर उचलला जातो, म्हणून तेवढ्यापुरता छायाचित्रकार आंधळा होतो. त्याचा ‘खटक’ असा आवाज न्यायालयीन सुनावणीत, नाट्यप्रयोगात किंवा अंत्यदर्शनाच्या वेळी नको तितका ऐकू येतो. आरशाला जागा हवी म्हणून लेन्स सेन्सरपासून दूर ठेवावी लागते; निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर आणि कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिलिमीटर आहे. कॅमेरा जाड होण्याचे मुख्य कारण हेच. मात्र याच माउंटमुळे एक दुर्मीळ सोय टिकली आहे. एफ माउंट १९५९ मध्ये आला, आणि १९७७ नंतर बनलेल्या जवळपास सर्व एआय मालिकेतील जुन्या निकॉन लेन्स आजही डी-८५० वर बसतात. वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स मुलाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालावी, हे इतर विद्युत उपकरणांच्या बाबतीत कल्पनेतही आणता येत नाही.

रॉ आणि जेपेग

कॉम्पॅक्ट बहुधा जेपेग स्वरूपातच छायाचित्र साठवतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. डीएसएलआरच्या १४ बिट रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. मांडवात एका बाजूला पिवळे दिवे, दुसऱ्या बाजूला ट्यूबलाइट आणि मधोमध व्हिडिओवाल्याचा पांढरा झोत असा प्रकाश पडला की वधूच्या चेहऱ्याचा रंग कॅमेऱ्याच्या अंदाजापलीकडे जातो. रॉ फाइल असेल तर नंतर संगणकावर तो बराचसा पूर्ववत करता येतो; जेपेगमध्ये तेवढा वाव उरत नाही. किंमत मात्र साठवणीत मोजावी लागते. डी-८५० ची एक संकुचित रॉ फाइलही सुमारे ५० एमबीची होते. म्हणजे दोन हजार छायाचित्रांच्या लग्नाला शंभर जीबी, आणि सुरक्षेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीसह दोनशे. लग्नसराईत महिन्याला आठ-दहा लग्ने घेणाऱ्या स्टुडिओला कॅमेऱ्यासोबत हार्डडिस्कचा खर्चही गृहीत धरावा लागतो.

खिशातल्या कॅमेऱ्याचा पक्ष

आतापर्यंतच्या मापांवरून कॉम्पॅक्ट प्रत्येक बाबतीत हरला असे वाटेल. प्रत्यक्षात तसे नाही. सेन्सर लहान असला की लेन्सही लहान लागते. इक्ससच्या वाइड टोकाचे नाभीय अंतर केवळ ५ मिलिमीटर आहे. अशा लेन्सचा फोकस दीड मीटरच्या आसपास ठरवला की पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही रेखीव दिसते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २८ मिलिमीटरची, म्हणजे तेवढेच दृश्य दाखवणारी लेन्स एफ/२.८ ला वापरली, तर रेखीवपणाची हद्द साडेचार मीटरच्या पुढे सुरू होते. व्यक्तिचित्रात मागची गर्दी धूसर करून चेहरा उठावदार करायचा असेल तर ही मोठ्या कॅमेऱ्याची देणगी आहे. पण देवळासमोर उभे कुटुंब आणि मागचा कळस दोन्ही स्पष्ट हवे असतील, तर कॉम्पॅक्ट ते काम काहीही न विचारता करतो.

जवळच्या वस्तूंबाबतही तेच. इक्सस वाइड टोकाला एका सेंटिमीटरवरून फोकस करतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावरील इवल्याशा फुलासाठी, जुन्या नाण्यासाठी किंवा पिकावरील किडीच्या नोंदीसाठी डीएसएलआरला वेगळी मॅक्रो लेन्स घ्यावी लागते आणि ती घेऊनही रेखीवपणाची हद्द काही मिलिमीटरांचीच मिळते. शेतात पानावरची कीड ओळखण्यापुरते चित्र हवे असेल तर खिशातला कॅमेरा अधिक सोयीचा.

पक्षीनिरीक्षकांनी या नियमाचा वेगळाच उपयोग करून घेतला आहे. २०१८ मध्ये आलेल्या निकॉन पी-१००० मध्ये सेन्सर कॉम्पॅक्टचाच, १/२.३ इंच वर्गातील, पण झूम १२५ पटींचा आहे. त्याचे दूरचे टोक फुल फ्रेमच्या ३,००० मिलिमीटर लेन्सएवढे दृश्य दाखवते. यंत्र १,४१५ ग्रॅमचे आहे, म्हणून त्याला खिशातले म्हणता येत नाही. तरीही डी-८५० वर २०० ते ५०० मिलिमीटरची लेन्स चढवली तर एकूण वजन सव्वातीन किलोच्या पुढे जाते, आणि पोहोच पी-१००० च्या सहाव्या भागाएवढी राहते. भरतपूरच्या पाणथळीत दूरच्या खडकावर बसलेला पक्षी कोणत्या जातीचा आहे एवढे ओळखायचे असेल, तर लहान सेन्सरचे यंत्र पुरते. त्याच पक्ष्याचे उडतानाचे, पिसे मोजता येतील असे चित्र मासिकात छापायचे असेल, तर पुरत नाही.

वजनाकडे दुर्लक्ष करण्याची सवय छायाचित्रणावरील लेखनात जुनी आहे. डी-८५० सोबत २४ ते ७० मिलिमीटरची एफ/२.८ लेन्स जोडली की हातात दोन किलोंहून अधिक वजन येते. वारीत, हिमालयातील पायवाटेवर किंवा नातवंडांना सांभाळत केलेल्या तीर्थयात्रेत ते दोन किलो दुसऱ्या दिवसापासून मुक्कामाच्या खोलीतच राहतात.

अजिंठ्याचा अंधार

दोन्ही यंत्रांतील दरी सर्वात ठळकपणे दिसते ती काळोखात. अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांना अपाय होऊ नये म्हणून फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत तिपाई लावायची तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी घ्यावी लागते. छायाचित्र काढण्याची मुभा असते तेथेही हातातला कॅमेरा आणि उपलब्ध उजेड एवढेच साधन उरते. समजा, एखाद्या दालनातील प्रकाशात डीएसएलआरला एफ/२.८ आणि आयएसओ ३,२०० ठेवून सेकंदाचा तिसावा भाग पुरतो. इक्सस त्याच जागी आपली कमाल संवेदनशीलता वापरूनही सुमारे एक बारांश सेकंद मागेल. एवढ्या वेळात हात हलतोच. शिवाय आयएसओ १,६०० ला त्याच्या चित्रातील रंगांचे कण इतके विस्कटलेले असतात की भित्तिचित्रातील सूक्ष्म रेषा त्यांतच हरवतात. कॅमेऱ्यातील संगणक हे कण पुसून काढण्याचा प्रयत्न करतो आणि त्यांच्यासोबत रंगाचे पोपडे व भेगाही पुसतो. अभ्यासकाला नेमके तेच पाहायचे असतात.

बातमीदाराच्या हातात

वृत्तछायाचित्रणात डीएसएलआर आला तो १९९१ मध्ये. कोडॅकने निकॉन एफ-३ या फिल्म कॅमेऱ्याला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर जोडून डीसीएस हे यंत्र विक्रीस आणले. त्यातील साठवणीचा भाग वेगळ्या पेटीत खांद्याला अडकवावा लागे. निकॉनचा २.७ मेगापिक्सेलचा डी-१ हा १९९९ मध्ये आला, आणि वृत्तपत्रांच्या कार्यालयांतून फिल्म धुण्याच्या अंधारखोल्या ओस पडू लागल्या. २००३ चा कॅनन ३००-डी अमेरिकेत एक हजार डॉलरच्या आत मिळू लागला आणि डीएसएलआर हौशी ग्राहकाच्या आवाक्यात आला.

त्याच वर्षी मॅग्नम या प्रख्यात संस्थेचे छायाचित्रकार ॲलेक्स मायोली यांनी काँगो आणि इराकमधील कामासाठी ऑलिंपसचे छोटे डिजिटल कॅमेरे वापरले आणि त्या कामाला मानाचे पुरस्कारही मिळाले. युद्धाने गांजलेल्या माणसासमोर मोठी लेन्स रोखली की तो बिचकतो. पर्यटकाच्या हातातल्यासारखे यंत्र पाहून बिचकत नाही. शिवाय आरसा नसल्याने आवाजही नाही. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, इराकमधील अबू गरेब तुरुंगातील छळाची जी छायाचित्रे जगापुढे आली, ती तेथील अमेरिकी सैनिकांनीच स्वतःच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांनी काढलेली होती. तेथे कोणताही व्यावसायिक छायाचित्रकार नव्हता आणि असूही शकला नसता. तांत्रिक दृष्ट्या ती चित्रे सामान्य होती. त्यांच्यामुळे खटले चालले, शिक्षा झाल्या.

यातून कोणी उलटा निष्कर्षही काढतो. ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकाने मे २०१३ मध्ये आपल्या छायाचित्र विभागातील सर्व २८ जणांना एकाच दिवशी कामावरून कमी केले आणि बातमीदारांना भ्रमणध्वनीवर चित्रे काढण्याचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. छोटे यंत्र अनुभवी माणसाच्या हातात काय करू शकते आणि अनुभवी माणसाच्या जागी छोटे यंत्र बसवले तर काय होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खर्च कपातीच्या बैठकांत ते सर्रास एक मानले जातात.

उतरणीचा काळ

दोन्ही प्रकारांची भरभराट आता संपली आहे. जपानी कॅमेरा उद्योगाच्या सीआयपीए या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले गेले आणि त्यांत कॉम्पॅक्टचा वाटा प्रचंड होता. २०२३ मध्ये हा आकडा ७७ लाखांच्या आसपास उरला. कॉम्पॅक्टची जागा भ्रमणध्वनीने घेतली. सेन्सर त्याचाही लहानच, पण तो एका दाबात अनेक चित्रे टिपून त्यांची बेरीज करतो आणि प्रकाशाची उणीव काही अंशी गणिताने भरून काढतो. डीएसएलआरला आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी मागे टाकले. कॅननचा २०२० मधील १डी एक्स मार्क ३ हा आपल्या सर्वोच्च श्रेणीतील अखेरचा डीएसएलआर असेल, असे कंपनीचे प्रमुख फुजिओ मिताराई यांनी २०२१ च्या अखेरीस सांगितले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२० मध्येच सोनीचे मिररलेस कॅमेरे स्वीकारले होते.

‘लहान कॅमेरा म्हणजे लहान सेन्सर’ हे समीकरणही मधल्या काळात मोडले. २०१२ च्या सोनी आरएक्स १०० मध्ये १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, इक्ससच्या चौपट क्षेत्रफळाचा सेन्सर खिशात मावला. रिकोच्या जीआर मालिकेत आणि फुजीफिल्मच्या एक्स १०० मालिकेत तर हौशी डीएसएलआरमध्ये असतो तो एपीएस-सी आकाराचा सेन्सर आहे. झूम मात्र या दोन मालिकांनी सोडून दिला. त्यांच्या किमती अनेक डीएसएलआरहून अधिक आहेत.

जुना कॅमेरा पारखताना

मिररलेसकडे वळलेल्या व्यावसायिकांनी आपले डीएसएलआर विकायला काढले आहेत आणि त्यांच्या उत्तम लेन्स पूर्वी न परवडणाऱ्या स्टुडिओंच्या आवाक्यात येत आहेत. लग्न, पासपोर्ट छायाचित्रे, शालेय समूहचित्रे या कामांसाठी २०१७ चा डीएसएलआर आजही पुरेसा आहे. प्रकाशाचे नियम तेव्हापासून बदललेले नाहीत. मर्यादित पैशांत बॉडी जुनी आणि लेन्स चांगली हा क्रम ठेवणे श्रेयस्कर, कारण नव्या बॉडीवरील साधी झूम लेन्स अंधाऱ्या कार्यालयात पुन्हा तीच कॉम्पॅक्टची अडचण उभी करते. साध्या संचासोबत येणारी झूम दूरच्या टोकाला एफ/५.६ ची असते. ५० मिलिमीटरची स्वस्त एफ/१.८ लेन्स तिच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते.

डीएसएलआरच्या शटरला आयुष्य असते. डी-८५० चे शटर दोन लाख वेळा चालेल अशी कंपनीची चाचणी आहे. किती वेळा चालले याची नोंद छायाचित्राच्या फाइलमध्ये असते आणि ती वाचणारी साधने सहज मिळतात. लग्नाचे काम केलेल्या कॅमेऱ्यात हा आकडा दोन-तीन हंगामांत लाखाच्या पुढे गेलेला असू शकतो. त्याहून मोठा शत्रू हवामान आहे. कोकण, गोवा, केरळ, बंगाल अशा दमट प्रदेशांत लेन्सच्या काचांमध्ये बुरशी धरते. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून एका बाजूने विजेरीचा झोत टाकला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या तिच्या तंतूंची नक्षी दिसते. ती साफ करता येते, पण फार दिवस राहिली तर काचेवरील लेप कायमचा खराब करते. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या बॅगेत बंद ठेवणे सर्वात वाईट. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवणे हा स्वस्त उपाय आहे.

कॉम्पॅक्टच्या बाबतीत दुखणे वेगळे. कॅमेरा सुरू करताच बाहेर येणाऱ्या त्याच्या नळीत समुद्रकाठची वाळू किंवा यात्रेतील धूळ शिरली की दाते अडकतात, पडद्यावर लेन्सचा दोष दर्शवणारी सूचना येते आणि दुरुस्तीचा खर्च अनेकदा यंत्राच्या किमतीएवढा होतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी तो आठ-दहा वेळा बंद-चालू करून, झूम दोन्ही टोकांना नेऊन पाहावा. अलीकडे जुन्या कॉम्पॅक्टच्या थोड्या भडक, थोड्या कच्च्या रंगांची तरुणांत आवड निर्माण झाल्याने कपाटात विसरलेली यंत्रे पुन्हा विक्रीस येत आहेत. अशा यंत्रासोबत मूळ चार्जर आहे ना, बॅटरी फुगलेली नाही ना आणि तिच्या जोडीची नवी बॅटरी आजही बाजारात मिळते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. कारण बॅटरीच्या आकाराचे मानक नाही आणि एका कंपनीची, किंबहुना एका मालिकेची बॅटरी दुसऱ्यात बसत नाही.